अंधार करा

दुकानदाराचा उजवा गाल नव्हता. डावा होता, चांगला भरलेला, त्यावरची चामखीळही होती, पानानं रंगलेले अर्धे ओठ होते. पण उजवीकडं जिथं गाल, कान आणि कानात खोचलेला अत्तराचा फाया असायला हवा तिथं नुसतंच काहीतरी पांढुरकं होतं. धड पांढरंही नाही. प्रेमिलानं डोळे मिचकावले. गांधीबागेतलं तेच दुकान, गादीवर साड्यांचा ढीग, शेजारी पाय लांब करून बसलेली सासू, तिच्या पलीकडं पोरगी, गोपी. दुकानदार सांगत होता, देवीच्या ओटीला हिरवीच घ्या, हा काठ तर पाहा बाई. काठ पाहायला तिनं नजर खाली नेली आणि काठ साडीवरून उठला. जरीची ती वाकडीतिकडी नक्षी साडी सोडून हवेत आली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात थरथरत राहिली. आज नको, ती मनातल्या मनात म्हणाली, बाकी कधीही ये, उद्या ये, पण आज नको. जशी काही ती अर्धशिशी नव्हतीच, दारात आलेली पाहुणी होती आणि गोड बोलून तिला परत पाठवता येणार होतं. तिला सगळं पाठ होतं. घरी पोचेपर्यंत हा काठ विझेल, दुकानदारांचे गाल पुन्हा जागच्या जागी दिसू लागतील, आणि मग डाव्या भुवईच्या वर कोणीतरी खिळा टेकवेल आणि सावकाश ठोकायला लागेल. सासूनं विचारलं, तोंड काहून उतरलं. काही नाही, ऊन लागलं, असं ती म्हणाली आणि हिरवी साडी हातात घेऊन छान आहे म्हणाली. साडी तिला अर्धीच दिसत होती.

आज अष्टमी होती. संध्याकाळी सवाष्णी जेवायला यायच्या होत्या, पुरण घालायचं होतं, कढईभर वडे तळायचे होते, आणि हे सगळं प्रेमिलानं करायचं होतं, कारण सासूचे, देवकीबाईंचे, गुडघे गेले होते. गुडघ्यांबरोबर घरातले उपासही सुनेकडे आले होते. घट बसल्यापासून तिच्या पोटात सकाळचा चहा आणि दुपारी सगळ्यांचं उरकल्यावर कढईच्या बुडाशी राहिलेली साबुदाण्याची उसळ, एवढंच होतं. नळ पहाटे अंधारात येतो, म्हणून झोप अर्धीच. हे काही नवं नव्हतं. नवं होतं ते नवऱ्याचं, मधुकरचं, बोलणं. पोळ्याच्या सुमारास त्याच्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब जेवायला आले आणि ही आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली. बाहेर देवकीबाई एकट्या लंगडत वाढत होत्या आणि साहेबांची बायको दोनदा विचारून गेली की बाईंना बरं नाही का. त्या रात्री मधुकर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो शर्टाच्या गुंड्या काढत शांतपणे म्हणाला, "दसरा झाला का तुले गावी सोडून देतो. आराम कर. पोरगी राहील इथंच, तिची शाळा आहे." आराम! बाईला माहेरी आरामाला पाठवतात त्याचा अर्थ जुन्या शुक्रवारीतल्या त्यांच्या गल्लीतल्या कोणत्याही शेंबड्या पोराला विचारावा. पाठवायला सगळे येतात, आणायला कोणी येत नाही. तेव्हापासून प्रेमिला दिवस मोजत नव्हती, दिवसांना हात जोडत होती. आणखी एकदा अंथरुणाला पाठ लागली की गोपी इथं आणि आपण तिकडं, पारशिवनीजवळच्या त्या गावात, भावाच्या ओसरीवर.

रिक्षा हललीच असेल नसेल, तिनं पदर कपाळावर ओढला. आश्विनातलं नागपूरचं ऊन पावसाळ्यानं धुवून काढलेलं असतं, नुसतं चकचकत असतं. पितळेच्या दुकानासमोरून रिक्षा गेली आणि एकेक हंडा तिच्या डोळ्यात शिरला. ऊन टाळा, असं सीताबर्डीवरचे डॉक्टर म्हणाले होते. भला माणूस. त्यांनीच या दुखण्याला मायग्रेन म्हणतात असं सांगितलं, म्हणजे प्रेमिलाला नाही, मधुकरला सांगितलं. ती शेजारच्या खुर्चीवर बसून स्वतःबद्दल ऐकत होती. जेवणाच्या वेळा सांभाळायच्या, उपाशी राहायचं नाही, झोप पुरती घ्यायची, उन्हात जायचं नाही, गोंगाटात बसायचं नाही आणि मुख्य म्हणजे चिंता करायची नाही, मनाचा आणि या दुखण्याचा जवळचा संबंध आहे. प्रेमिलाला तिथंच हसू फुटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते औषध नव्हतं, दुसऱ्याच कोण्या बाईचं आयुष्य होतं. घरी येऊन मधुकरनं एवढंच सांगितलं की मनाचं आहे. देवकीबाईंनी त्याचं ‘डोक्यावर परिणाम झाला’ असं केलं, आणि गल्लीत पोचेपर्यंत त्याचं जे व्हायचं ते झालं. लग्नाच्या पहिल्या वर्षी याच सासूनं सुंठेचा लेप लावला होता, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाऊ घातली होती, नाकात तूप सोडलं होतं. दुखणं नवं असतं तोवर त्याचं कौतुक असतं. मग ते बरंही होत नाही आणि माणूस मरतही नाही, तेव्हा बाकीचे कंटाळतात. त्यांचा तरी काय दोष? प्रेमिला स्वतःच कंटाळली होती. कधी कधी तिला वाटायचं, नळाच्या दगडी कठड्यावर हे डोकं एकदाच जोरात आपटावं, म्हणजे सगळ्यांना आत काय आहे ते दिसेल तरी. ताप असता तर हाताला लागला असता. हात मोडला असता तर गळ्यात लटकवून फिरता आलं असतं. हे असं दुखणं, की दुखून झाल्यावर सकाळी उठून भाकरी थापली की झालं, काल काय झालं होतं त्याचा काही पुरावाच उरत नाही.

"आई, आलं का?" गोपीनं कानाशी लागून विचारलं. प्रेमिलानं हो म्हणून मान हलवली. गोपीनं आजीला न दिसेल असा तिचा हात धरला आणि अंगठ्याच्या बेचक्यात दाबायला लागली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकदा तिथं दाबल्यावर आईच्या कपाळावरची आठी सैल झाली ती तिनं पाहून ठेवली होती. नऊ वर्षांची पोर, पण घरात ती एकटी होती जिला प्रेमिलाचं डोकं दुखतं हे खरं वाटायचं. शाळेतून आली की पाटी ठेवायच्या आधी आतल्या खोलीत डोकावायची. आई भिंतीकडं तोंड करून दिसली की चपला हातात घेऊन आत यायची, माठातल्या पाण्यात फडका बुडवून पिळायची, कपाळावर ठेवायची, आणि एक शब्द न बोलता दाराशी बसून राहायची. बाहेर आजी भांडी आपटत असायची. त्या फडक्यामुळंच प्रेमिला इतकी वर्षं वेडी झाली नव्हती, असं म्हटलं तर ते मुळीच वाढवून सांगितल्यासारखं नाही. माहेरी तो फडका कोण ठेवणार होतं?

माहेरी तिची माय होती तोवर गोष्ट वेगळी होती. मायच्या, पंचफुलाच्या, अंगात देवी यायची. दोन-चार गावांत तिचं नाव होतं. आणि देवीही जगावेगळी. बाकीच्या बायांच्या अंगात यायची ती घुमायची, लिंबू मागायची, नारळ मागायची, कोणाकोणाची पापं चव्हाट्यावर आणायची. पंचफुलाची देवी काहीच मागायची नाही. माय केस मोकळे सोडून, कपाळावर फडकं आवळून धान्याच्या कोठीच्या खोलीत जाऊन बसायची, तिथं दिवसाही हाताला हात दिसायचा नाही, आणि बायांनी पाया पडून विचारलं की माय, तुले काय पाहिजे, तर दोनच शब्द म्हणायची, अंधार करा. त्यावरून गावानं तिला अंधाराची देवी ठरवलं. लोक ओसरीवर बसून राहायचे, धूप घालायचे, कापूर लावायचे, आरत्या म्हणायचे. आणि घंटी वाजवायची लहानगी प्रेमिला. तो तिचा मान होता. मायच्या अगदी उशाशी बसून ती दोन्ही हातांनी पितळी घंटी वाजवायची, हात भरून आले तरी थांबायची नाही, आणि माय एकदा डोळे उघडून तिच्याकडं पाहायची, कपाळावरून फडक्याच्या खालून पाणी उतरत असायचं, आणि म्हणायची, वाजव बाई, वाजव. तो आशीर्वाद घेऊन प्रेमिला दिवसभर गावात मिरवायची. पुढं मॅट्रिक झाल्यावर तिला या सगळ्याची लाज वाटायला लागली ते सोडा. माय गेली त्या वर्षी तिनं प्रेमिलाला जवळ बोलावून विचारलं होतं, तुले दिसते का वं तसं, चमकल्यावानी? तेव्हा दिसायला लागलं होतं. पण देवीबिवी आपल्याकडं नको म्हणून प्रेमिला तुटकपणे म्हणाली होती, मले नाही दिसत तसलं काही. माय म्हणाली, बरं झालं. आणि कूस वळवून झोपली.

घरी आल्यावर काठ विझला आणि खिळा लागला. प्रेमिलानं तोंडावर पाणी मारलं, एक गोळी घेतली, लगेच दुसरी घेतली, आणि पुरण शिजवायला टाकलं. गोळ्या उलटून पडल्या. स्टोव्हचा घर्रर्र आवाज, रॉकेलचा वास, गुळाचा वास, वेलदोड्याचा वास. एरवी जे नाकाला गोड लागतं ते सगळं त्या दिवशी नाकातून सरळ डोळ्याच्या मागं जात होतं. ओट्याला धरून ती उभी राहिली. बाहेरच्या खोलीत देवकीबाई पाट मांडत होत्या आणि प्रत्येक पाट फरशीवर टेकताना तिच्या डोक्यात टेकत होता. होईल, एवढा दिवस निघून जाईल, ती स्वतःला सांगत होती, वडे तळून झाले की अंगणात जाऊन थोडं बसू. मग केस दुखायला लागले. केस दुखतात म्हटलं की लोक हसतात, पण ज्याचे दुखतात त्याला विचारा. अंबाड्यातला एकेक आकडा मुळापर्यंत खुपसल्यासारखा वाटायला लागला, तसे तिनं ते ओढून काढून फेकले. केस पाठीवर मोकळे झाले. ओल्या हातानं तिनं कपाळ चोळलं, कुंकू पसरून भुवयांपर्यंत गेलं. उभं राहवेना म्हणून ती खाली बसली, बसवेना म्हणून पुढं-मागं हलायला लागली, कारण हललं की क्षणभर ठोका चुकायचा, आणि घशातून एक बारीक हुं हुं असा आवाज यायला लागला, तो आपलाच आहे हे तिला बऱ्याच वेळानं समजलं.

नेमक्या त्या वेळी शेजारच्या यमुताई ओटीचं ताट घेऊन मागच्या दारानं आल्या. मागच्या नवरात्रात याच यमुताईंकडं एक बाई घुमायला लागली होती आणि प्रेमिलानं चारचौघींत म्हटलं होतं की पोटात अन्न नाही म्हणून चक्कर येऊन राहिली तिला, दूध पाजा. यमुताई ते विसरल्या नव्हत्या. त्यांनी स्टोव्हपाशी पाहिलं. मोकळे केस, कपाळभर कुंकू, डोलणारं अंग, अष्टमीची संध्याकाळ. हातातलं ताट त्यांनी हळूच खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि आतल्या दिशेनं, पण आवाज न चढवता म्हणाल्या, "देवकीबाई, लवकर या. तुमच्या सुनेच्या अंगात बाई आली." देवकीबाई आल्या त्या रागानंच आल्या होत्या, पुरण करपल्याचा वास त्यांच्यापर्यंत गेला होता. पण यमुताईंचे जोडलेले हात पाहिल्यावर त्यांचा राग जागच्या जागी थांबला. मग त्या पुटपुटल्या की हिच्या मायच्या अंगात येत होती, सोयरीक झाली तेव्हाच ऐकलं होतं मी. यमुताई समोर गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "माय, तुले काय पाहिजे?"

इतक्या वर्षांत हे प्रेमिलाला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीसुद्धा नाही. तिला खरोखर काय पाहिजे होतं ते तिनं सांगितलं. "अंधार करा," ती म्हणाली. "बोलू नका कोणी."

आणि अहो, अंधार झाला. स्टोव्ह विझला. करपलेलं पुरण कोणीतरी निमूट बाहेर नेलं. दोघींनी तिला धरून आतल्या खोलीत नेलं, खिडकीला घोंगडी लावली, दार ओढून घेतलं. गल्लीत खेळणाऱ्या पोरांना कोणीतरी दबक्या आवाजात हाकललं, कोणाचा तरी रेडिओ बंद झाला. गादीच्या गार बाजूवर डावा गाल टेकून प्रेमिला पडून राहिली आणि शांततेनं तिच्या डोळ्यांना पाणी आलं. दुखत होतं, तसंच दुखत होतं. पण एकटं दुखत होतं, त्याच्या जोडीला भांडी नव्हती, टोमणे नव्हते. अंधारात पडल्या पडल्या तिला एकाएकी कोठीची खोली आठवली. अंधार करा. देवी कशाला अंधार मागेल? अंधार मागते ती अर्धशिशी. कपाळावर आवळलेलं फडकं, मोकळे सोडलेले केस, आरतीच्या ताटातलं खाणं समोर आलं की मायला होणारी उलटी, जिला गाव म्हणायचं देवीनं नैवेद्य नाकारला. चमकल्यावानी दिसते का वं? माय देवीबद्दल विचारत नव्हती. लेकीला आपलं दुखणं लागलं का, एवढंच ती विचारत होती, आणि त्या वेळी आपण हो म्हटलं असतं तर जगात निदान दोघींना तरी एकमेकींचं खरं वाटलं असतं. प्रेमिला उशीत तोंड खुपसून रडली. रडल्यानं डोकं जास्त दुखतं, तरी रडली. आपण खोटं बोललो का, याचाही तिनं विचार केला. ती एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. खोटं काय ते बाकीच्यांनी परस्पर केलं होतं, आणि तिनं ते होऊ दिलं होतं.

मधुकर ऑफिसातून आला तेव्हा बाहेर गल्ली जमली होती. दाराच्या फटीतून प्रेमिलाला त्याचा आवाज ऐकू आला, काय झालं, पुन्हा पडली का, असं वैतागून सुरू झालेला आणि मग मध्येच उतरलेला. देवकीबाई त्याला समजावत होत्या. देवकीबाई रडतही होत्या. आपण देवीला ढोंगी म्हटलं, आपल्याला कुठं पाप फेडावं लागणार, असं काहीतरी. मग त्या म्हणाल्या की तिला गावी सोडायचं आता मनातही आणू नको, घरची देवी कोणी बाहेर काढते का. हे वाक्य प्रेमिलानं नीट ऐकलं. तिच्या छातीवरचा दगड, जो पोळ्यापासून होता, तो उतरला. सुटलो, तिला वाटलं. गोपी इथं आणि आपणही इथं. तेवढ्यात दार उघडलं.

आधी उजेड आला. पाच वातींची आरती, मागं कापूर, त्यामागं धुपाचा लोट, त्यामागं माणसं. यमुताई, गल्लीतल्या सवाष्णी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, मधुकर. त्यानं पायातले मोजे काढले होते आणि हात जोडले होते. तो तिच्याकडं पाहत होता पण बायकोकडं पाहतात तसं नाही, जरा वरती, कपाळावरच्या फिसकटलेल्या कुंकवाकडं. प्रेमिलानं हातानं डोळे झाकले, तर कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, पाहा, तेज सहन नाही होत. धूर घशात गेला. खिळा कवटीतून आरपार जाऊन उशीत रुतला. देवकीबाईंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मागं वळून म्हणाल्या, घंटी पोरीच्या हातात द्या, देवीच्या पोरीचाच मान आहे.

गोपी पुढं आली. तिला नवा फ्रॉक घातला होता, केस ओले विंचरले होते, हातात देव्हाऱ्यातली घंटी होती. ती उशाशी येऊन बसली, अगदी जवळ. प्रेमिलाला हायसं वाटलं. ही आहे ना. तिनं ओठ जेमतेम हलवून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "गोपे, फडका आन वं ओला करून. डोकं फुटून राहिलं माझं."

गोपीनं आजीकडं पाहिलं. मग ती वाकली आणि लहान लेकराची समजूत घालावी तशी, फार मायेनं म्हणाली, "आता नाही दुखत. आजी म्हणते, ते डोकं नव्हतंच दुखत कधी. देवी होती ती." तिच्या डोळ्यांत आरतीच्या वाती चमकत होत्या. इतक्या आनंदात प्रेमिलानं तिला कधी पाहिलं नव्हतं. आजारी आईची पोर म्हणून गल्लीत सगळे तिची कीव करायचे. आज सगळी गल्ली तिच्यासाठी सरकून जागा करत होती.

एक वाक्य पुरलं असतं. उठून बसायचं आणि म्हणायचं, मले अर्धशिशी आहे, बाकी काही नाही, दिवे विझवा. मग मधुकरचे जोडलेले हात खाली आले असते, दसऱ्यानंतरची एस. टी. ठरली असती, आणि ही पोर, नव्या फ्रॉकमधली, सगळ्यांसमोर खोटारडीची पोर झाली असती. प्रेमिलानं तोंड उघडलं. गोपीनं दोन्ही हातांनी घंटी धरली होती, ती कशी धरली होती ते प्रेमिलाला आतून माहीत होतं, मनगटं कुठं दुखतात तेही माहीत होतं. कपाळावरून घाम आणि कुंकू डोळ्यात उतरत होतं. तिनं एकदा गोपीकडं डोळे भरून पाहिलं.

"वाजव बाई," ती म्हणाली, "वाजव."

गोपी वाजवायला लागली.